भालेरावांचा आडवा हात

१९८६ च्या नाताळात मी एक पुडिंग पेटवलं आणि त्यात आमच्या घरचा पडदा आणि एका माणसाची चौदा महिन्यांची मेहनत, दोन्ही जळून गेली. पडद्याचं आधी सांगतो, ते सांगायला सोपं आहे.

आम्ही तेव्हा ईलिंगला राहत होतो. मी कौन्सिलमध्ये गटारांचे नकाशे काढत असे. आमच्यापासून तिसऱ्या दारात, एका खोलीत, शशिधर भालेराव राहायचे. मूळचे नगरकडचे, ख्रिस्ती, पन्नाशीचे, बायको वारलेली, बसडेपोत गाड्या धुण्याच्या कामावर. नाताळच्या दिवशी लंडनात एकही बस धावत नाही, त्यामुळे धुवायलाही काही नसतं. "ज्यांचा सण ते एकटे बसणार आणि आपण जोशी मंडळी सुट्टी खाणार? बोलवा त्यांना जेवायला," असं माझी बायको नंदा म्हणाली.

बेत पुरी, बटाट्याची भाजी आणि कढी. पाहुण्यांच्या धर्माचा मान म्हणून मी दुकानातून एक क्रिसमस पुडिंग आणलं. वरून ब्रँडी ओतून पेटवावं असं डब्यावर छापलं होतं. किती ओतावी हेही छापलेलं असणार, पण डब्यावरचं पूर्ण वाचणं आमच्या घराण्यात कमीपणाचं मानतात. मी अर्धी बाटली ओतली आणि काडी लावली. निळी ज्योत कागदाच्या तोरणापर्यंत पोचली, तोरणानं ती पडद्याला दिली आणि नंदानं हातातलं कढीचं पातेलं पडद्यावर, तोरणावर आणि थोडंसं माझ्यावर रिकामं केलं. आग लगेच विझली. पुडिंगची एक बाजू कढीपासून वाचली होती. ज्योत फार वेळ न टिकल्यामुळे ब्रँडीही बरीचशी वाचली होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

ती बाजू मी भालेरावांना वाढायला गेलो. इथं नाताळात दोघांनी ओढून फोडायचे कागदी फटाके मिळतात, त्यातून निघालेला मुकुट डोक्यावर घालून ते बसले होते. त्यांनी ताटलीवर हात आडवा धरला.

"नको, उदयराव. मला चालत नाही."

आता आमच्याकडे हात आडवा करणं ही अजून वाढा अशी खूण आहे. माझ्या वडिलांनी आडव्या हातांवर भात वाढलेला मी पाहिलाय. बोटं भाजतील म्हणून पाहुणा हात काढून घेतो आणि आग्रह सुफळ होतो.

"अहो, तुमचाच सण!"

"खरंच नको."

"माझ्या गळ्याची शपथ आहे, भालेराव!"

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना भरून आलंय, असं मला वाटलं. मग त्यांनी हात काढला आणि एक तुकडा खाल्ला. मी दुसरा वाढला. तिसरा त्यांनी स्वतः मागून घेतला. मला कोण अभिमान वाटला!

ते गेल्यावर नंदा म्हणाली, "अरे, बाटलीत अर्धी उरली होती ना? कुठाय?"

बाटली नव्हती. चार दिवस भालेरावही नव्हते. पाचव्या दिवशी आमच्या दारात एक मिशाळ गृहस्थ उभे राहिले. पोस्टात टपाल लावणारे माधव वाघचौरे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी इथली मराठी ख्रिस्ती मंडळी एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये जमत. त्या मंडळीचं सगळं काम हे वाघचौरे बघायचे.

"सलाम. जोशी तुम्हीच? शशिधर हॉस्पिटलात आहे. न्यूमोनिया. बसस्टॉपवर सापडला. खिशात तुमची बाटली होती."

"माझी?"

"तुम्ही दिलीत असं तो म्हणत नाही. मी चोरली म्हणतो. पण पहिला घास कोणी भरवला, ते मला त्याच्याकडून काढून घ्यावं लागलं."

दारातच, बूट न काढता, वाघचौऱ्यांनी मला बाकीचं ऐकवलं. भालेराव पूर्वी बस चालवायचे आणि दुसऱ्या रविवारी मंडळीत उपदेश करायचे. बोलायला उभे राहिले की बाया रडायच्या, पुरुष खोकायचे. त्र्याऐंशी साली त्यांची बायको सुप्रभा कॅन्सरनं गेली आणि ते पिऊ लागले. दोन वर्षं कोणाला कळलं नाही, किंवा ज्यांना कळलं त्यांनी खोकून दाखवलं. पंच्याऐंशीच्या ऑक्टोबरात उल्का शिंदे नावाच्या बाईच्या मुलीचा बाप्तिस्मा होता. बाळ पाळकांच्या हातात देण्याचा मान भालेरावांचा. ते आले ते पिऊन. दोन पावलं चालले आणि बाळ हातातून निसटलं. दगडी कुंडाच्या काठावर आपटलं. भिवईवर तीन टाके. दोन बोटं खाली लागलं असतं, तर डोळाच गेला असता.

"त्या दिवसापासून त्यानं थेंब घेतला नव्हता," वाघचौरे म्हणाले. "डेपोत जाऊन स्वतः सांगितलं, मी पितो, मला गाडी देऊ नका. धुवायला द्या. मंडळीत पुढं उभा राहत नाही. खुर्च्या मांडतो आणि दाराजवळ बसतो. प्रभुभोजनाचा पेलासुद्धा घेत नाही. चौदा महिने, जोशी!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा ते बूट घालून माझ्या अंगावरून गेले असते तर बरं वाटलं असतं.

मी हॉस्पिटलात गेलो. हातात द्राक्षं होती. "भालेराव, माझं चुकलं," एवढं जमलं.

"पुडिंग आतून कच्चं होतं," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

त्यानंतर मी दुसऱ्या रविवारी त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. प्रायश्चित्त वगैरे मोठे शब्द मला झेपत नाहीत. ते खुर्च्या मांडायचे, मी दुसरं टोक धरायचो. घडीच्या लोखंडी खुर्च्या, तीस. पहिल्याच दिवशी एकीनं माझं बोट चावलं. "जोशी हॉलमध्ये शिरल्याचं तिला कळलं," असं वाघचौरे म्हणाले. म्हणजे मिशीत हसता येत होतं त्यांना.

भालेराव खुर्ची उघडत, बैठकीवरून फडकं फिरवत आणि ओठ हलवत. आधी मला वाटलं मोजतायत. एकदा विचारलं.

"जो बसणार त्याचं नाव घेतो," ते म्हणाले. "ही वाघचौरे. त्याच्या गुडघ्यांसाठी. ही उल्काबाई. ही तिच्या पोरीची, मीनलची. एवढीच प्रार्थना जमते आता. मोठी करायला गेलो की माझाच आवाज मला ऐकू येतो."

"आणि ही दाराजवळची? तुमची?"

"ती नुसती पुसतो."

आता इथून पुढे सुधारणेची गोष्ट सुरू होईल असं कोणाला वाटत असेल, तर मलाही वाटलं होतं. अठ्ठ्याऐंशीत ते पुन्हा प्यायले. एकोणनव्वदमध्ये दोनदा. डेपोतलं काम गेलं. खोली गेली, कौन्सिलच्या हॉस्टेलमध्ये राहू लागले. हात कापायला लागले. दर वेळी आम्ही त्यांना कुठून तरी उचलून आणत असू आणि दर वेळी येणाऱ्या दुसऱ्या रविवारी दहा वाजता ते हॉलच्या दारात दाढी करून उभे. दाढीवर तीनचार काप असायचे.

एकदा मी चिडलो. कुणाच्या तरी पडण्याला आपला हात लागलेला असला, की त्याच्या उठण्याची आपल्याला फार घाई असते.

"परत पडलात ना?"

"पडलो."

"मग त्या तुमच्या देवाला सांगता काय?"

"सांगायचं काय? तो काय डेपोचा मॅनेजर आहे, कारण लिहून द्यायला?"

"मग येता कशाला इथं?"

"खुर्च्या मांडायच्या असतात, उदयराव. धरा ते टोक."

येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून मंडळी मिळून द्राक्षरसाचा एकेक घोट घेते, ते प्रभुभोजन. त्याचा रस पूर्वी त्यांची सुप्रभा करायची. मनुका रात्रभर भिजवून, उकळून, फडक्यातून गाळून. नगरला तसाच करायचे. ती गेल्यावर मंडळीनं बाटलीतलं सरबत आणून भागवलं. नव्वद साली भालेरावांनी ते काम अंगावर घेतलं. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात मनुका उकळायचे. मी चव बघायला बोट पुढे केलं, तर पळी मारली.

"तुम्ही तरी बघता का चव?"

"वासावरून कळतं."

रस छोट्या छोट्या काचेच्या पेल्यांत भरून थाळीतून रांगेनं फिरे. थाळी दाराजवळ आली की भालेराव हात आडवा करत. आपल्याकडे आडवा हात मारणं म्हणजे तुडुंब जेवणं. ह्या माणसाचा आडवा हात वर्षानुवर्षं उपाशी. मी ख्रिस्ती नाही, मला ती थाळी नव्हती. त्यामुळे शेजारी बसून तो हात बघणं हे माझ्याकडे आलेलं काम. त्यात दारू नव्हती, त्यांनीच उकळलेल्या मनुका होत्या. एकदा मी तेही बोललो.

"दारूसाठी नाही नको म्हणत," ते म्हणाले. "ते ज्याचं ताट आहे ना, त्याचं पोर मी पाडलंय."

ते पोर एव्हाना चांगलं उंच झालं होतं. मीनल नऊ वर्षांची, शाळेच्या नेटबॉल टीममध्ये. भिवईत एक पांढरी रेघ, तिथं केस उगवत नसत. तिचा तिला काय तो गर्व! शाळेत तिनं शार्क चावल्याचं सांगून ठेवलं होतं. "शशीआजोबा, तुमचा खुर्ची मी आणू?" असं आपल्या इंग्रजाळलेल्या मराठीत म्हणत ती मागे मागे फिरे आणि भालेराव तिच्या बुटांकडे बघून बोलत. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्या कपाळाकडे पाहिलेलं मी पाहिलं नाही.

चौऱ्याण्णवच्या नोव्हेंबरापर्यंत त्यांचं पोट फुगलं होतं, डोळे पिवळे झाले होते. लिव्हर. डॉक्टरांनी गोड बोलून काय ते सांगून टाकलं होतं. शेवटचं पिणं सुटून तेव्हा तीन वर्षं झाली होती, पण लिव्हर जुनं काही विसरायला तयार नव्हतं. त्या रविवारी त्यांना खुर्ची उचलेना. मीनल आणि मी मांडत होतो, ते बसून फडकं फिरवत होते.

थाळी फिरवायची पाळी उल्काबाईंची होती. रांगा संपवून त्या दाराशी आल्या. भालेरावांनी हात आडवा केला. एरवी जो कोणी असे तो पुढे जाई. उल्काबाई गेल्या नाहीत.

"घ्या."

"नको."

"मामा, घ्या. माझा हात दुखतोय."

"उल्काबाई, पुढं व्हा. लोक बघतायत."

"बघू देत. आम्हा ख्रिस्ती लोकांना शपथ घालता येत नाही, नाहीतर घातली असती."

माझ्या कानशिलांत आग लागली. सगळा हॉल मागे वळला होता. कुणी खोकलंसुद्धा नाही.

"मी तुमच्या पोरीला…" भालेराव म्हणाले.

"पाडलंत. मला माहितीय, मी होते तिथं. मी तेव्हाच माफ केलं. तुम्हाला ते नको असेल तर तसं सांगा, मी माझी माफी परत घेऊन जाते. पण नऊ वर्षं माझ्या तोंडावर हात आडवा करताय तुम्ही. हे काय माझ्या घरचं आहे, मी आखडून वाढायला? ज्याचं आहे तो वाढतोय. घ्या म्हणते ना!"

थाळी हलत नव्हती. पेले एकमेकांवर किणकिणत होते, कारण बाईंचा हात खरंच दुखत होता. भालेरावांनी मान वर केली. उल्काबाईंच्या मागून मीनल वाकून बघत होती. त्यांनी तिच्या भिवईकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

मग हात काढला आणि पेला उचलला. अर्धा टायवर सांडला. अर्धा प्यायले.

बाहेर पडण्याआधी त्यांनी नेहमीसारखं आपल्या खुर्चीवरून फडकं फिरवलं. ओठ हलत होते. तोंडातल्या तोंडात काय म्हणाले, ते मी विचारलं नाही. इतक्या वर्षांत तेवढं शहाणपण आलं होतं.

त्यानंतर ते अकरा आठवडे जगले. चांगले गेले असं म्हणवत नाही. पाणी काढायला पोटात नळी घालत, रात्री भ्रम होई आणि ते हॉस्पिटलच्या पलंगावरून बस चालवत. शुद्धीत असले की येणाऱ्याजाणाऱ्या नर्सेसची नावं विचारून घेत. कशासाठी ते मला ठाऊक होतं.

दहाव्या आठवड्यात मी नंदानं केलेली खीर घेऊन गेलो. चमचा पुढे केला. त्यांनी पांघरुणाखालून हात काढला आणि कसाबसा आडवा धरला. मी चमचा खाली ठेवला. दुसऱ्यांदा विचारलं नाही. जन्मात पहिल्यांदाच. वडील असते तर त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं.

हे भालेरावांच्या लक्षात आलं असावं. ओठांचा एक कोपरा हलला.

म्हणून धीर करून विचारलं, "भालेराव, नऊ वर्षं नको नको म्हणालात. मग त्या दिवशी का घेतलंत?"

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले,

"देवाचा आग्रह तुमच्याहून वाईट आहे, उदयराव."