संध्याकाळी परतणारी बोट

शिझुनोला ते स्वप्न बारा महिने पडायचं, आणि तेही डोळे उघडे असताना. ती धक्क्यावर उभी आहे, धुकं आहे, हातात दोर आहे. बोटीच्या कठड्यापासून धक्क्यापर्यंत लाल, पिवळ्या, निळ्या कागदी फिती ताणलेल्या. एक टोक पोरांच्या हातात, दुसरं आयांच्या. मग भोंगा वाजतो, ती खुंट्यावरून दोर काढते आणि फिती एकेक करून तुटत जातात. बोट धुक्यात विरघळते. त्या तुटण्याचा आवाज मात्र कसलाच येत नाही.

खरं तर हे स्वप्न म्हणजे तिची नोकरीच होती. कानोसे बेटाच्या धक्क्यावर बोटीचा दोर बांधायचा नि सोडायचा, हे काम नवरा वारल्यावर तिच्याकडे आलं. बेटावर हायस्कूल नाही. पंधरावं सरलं की एप्रिलमध्ये पोरं समोरच्या मोठ्या बेटावर वसतिगृहात जायची, तिथून शहरात, आणि मग नव्या वर्षाला एखादा फोन. थोरल्या लेकाच्या, काझुमाच्या बोटीचा दोर तिनेच सोडला होता. स्वतःच्या हातांनी! त्या हातांचा तिला कितीतरी दिवस राग यायचा. आता धाकट्या फुमिकाची पाळी होती. येत्या एप्रिलला ती गेली, की घरात शिझुनो एकटी.

त्या पानगळीत समोरच्या हायस्कूलच्या कुझुमीबाई बेटावर आल्या, समाजमंदिरात सगळ्यांबरोबर चहा प्यायल्या आणि त्यांनी विचारलं, "तिकडून परतीची शेवटची बोट तीन वाजताच का सुटते? पाचला सुटली तर तुमची पोरं रोज घरून शाळेत येतील."

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. का म्हणजे काय? सुटते म्हणून सुटते!

"बर्फ," शेवटी तोरामात्सुकाका म्हणाले. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष, आवाज खरबरीत, स्वभाव त्याहून. "माकुल मासळी धरायला होड्या अंधार पडायच्या आत निघतात. त्याआधी बर्फ यायला नको? तीनची बोट बर्फ आणते."

शिझुनोने कप खाली ठेवला. म्हणजे इतकी वर्षं पोरं नशिबाने जात नव्हती, बर्फामुळे जात होती!

"मग आदल्या दिवशी आणून ठेवा की बर्फ," ती म्हणाली.

"शिळा बर्फ? बाजारात कुत्रं तरी विचारील का त्या माकुलाला?"

"वा काका! माकुलाला बर्फ ताजा हवा, आणि आमची पोरं वसतिगृहात सुकली तरी चालतील?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. काका लाल झाले. "तोंड आवर, शिझुनो. माझे तिघेही त्याच बोटीने गेलेत," एवढंच म्हणाले आणि चहाच्या कपात बघत राहिले.

त्या हिवाळ्यात समाजमंदिराची शेगडी विझली नाही. भांडणं तर इतकी झाली की विचारू नका. बोटवाले म्हणायचे, आमच्या खलाशांनी घरी कधी जायचं? काका चिडून उठून जायचे आणि बाहेर हिमवादळ दिसलं की परत येऊन बसायचे. पण हळूहळू एकेकजण आपल्या जागेवरून थोडा सरकला. शाळेने शेवटचा तास अलीकडे घेतला. खलाशांच्या पाळ्या बदलल्या. सोसायटीच्या बायकांनी बर्फ भरायचं काम आदल्या संध्याकाळवर घेतलं. आणि एके सकाळी काकांनी जाळ्यांची जुनी खोली रिकामी करून भिंतींना भाताच्या तुसाच्या गोण्या लावायला घेतल्या. बर्फाला राहायला जागा झाली, आणि परतीची बोट पाचवर गेली.

"पोरांसाठी नाही हं," येणाऱ्याजाणाऱ्याला ते बजावत होते. "जाळी सडत होती म्हणून."

एप्रिल आला, आणि धुकंही आलं. शिझुनो धक्क्यावर पोचली तर अख्खं बेट हजर, आणि प्रत्येकाच्या हातात कागदी फीत! कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. एप्रिल, पोरं आणि बोट म्हटलं की इथले हात आपोआप फितीकडे जातात. काकांनी तर खिसे भरून गुंडाळ्या आणल्या होत्या.

"आई गं!" फुमिका कठड्यावरून ओरडली. "संध्याकाळी येणारेय मी! सासरी नाही चाललेय!"

लोक हसले, पण फिती कुणी सोडल्या नाहीत. भोंगा वाजला. शिझुनोचे हात दोरावरून हलेनात. भोंगा पुन्हा वाजला.

"सोड की गं शिझुनो!" वरून कप्तान खेकसला. "पहिल्याच दिवशी उशीर करतेस पोरांना!"

तिने दोर सोडला. फिती तुटल्या. बोट धुक्यात विरघळली, अगदी स्वप्नातल्यासारखी. मग दिवसभर शिझुनो तरंगतच होती. घरी गेली, झाडलं, तांदूळ धुऊन ठेवले, कधी परत धक्क्यावर आली तिचं तिलाच कळलं नाही.

संध्याकाळी धुक्यातून आधी भोंगा आला, मग बोट. बेट पुन्हा गोळा झालं होतं. पण निरोप कसा द्यायचा हे सगळ्यांना पाठ, संध्याकाळी घरी आलेल्या पोरांचं काय करतात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे रिकाम्या हातांनी नुसते उभे. शिझुनोने दोर झेलला, खुंट्यात अडकवला.

फुमिका पेंगुळलेल्या डोळ्यांनी उतरली. "आई, कडकडून भूक लागलीय. जेवायला काय?"

शिझुनोला धुऊन ठेवलेले तांदूळ आठवले. तांदळाचं माप तिने एकदाच भरलं होतं. एकीपुरतं. सगळ्या बेटाशी भांडून तिने बोटीची वेळ बदलून घेतली, पण हातांना काही ते पटलं नव्हतं. ती तिथेच खुंट्याशेजारी फतकल मारून बसली आणि हसायला लागली, हसता हसता रडायला लागली.

"अगं, काय झालं?"

"भात कमी पडणार आहे."

"एवढंच ना? मग आणखी लाव."

"लावते," शिझुनो म्हणाली. तिने खुंट्याला दोराचा आणखी एक वेढा दिला, ओढून पाहिला, आणि लेकीचं दप्तर खांद्यावर घेऊन ती तांदूळ धुवायला घरी निघाली.