मांत्रिकाला काय पाहिजे

"याले काय पाहिजे शे, ते आधी सांगा भाऊ." राक्षसापासून राणीपर्यंत प्रत्येक पात्राबद्दल नाना हेच विचारायचे, तेही मला. मी बापडा टाइप करणारा. देवपुरात माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, एवढंच माझं साहित्य.

तुमच्याही ओळखीत असेल एखादा, निवृत्त झाल्यावर लिहायला बसलेला. बहुतेक जण आत्मचरित्र लिहितात. नाना एसटीत कंडक्टर होते, उभा जन्म यावलच्या गाडीत गेला, आणि गृहस्थाने लिहायला घेतली काय, तर अद्भुत कादंबरी! सातपुड्याच्या पोटात एक राज्य. मांत्रिकाने तिथल्या सगळ्यांच्या सावल्या कोंडून ठेवलेल्या. एक मुलगी त्या सोडवायला निघते. नाना सांगायचे, मी टाइप करायचो.

पात्र घडवायची त्यांची रीत ऐका. नवं पात्र आलं की ते त्याला मनातल्या गाडीत चढवायचे.

"हा सेनापती गाडीत आला तर काय करेल?"

"खिडकी मागेल," मी ठोकून द्यायचो.

"छे. दाराशी उभा राहील. त्याला उतरायची घाई आहे." पुढच्या प्रकरणात सेनापती खरंच पळाला आणि पळताना मेला.

कादंबरी निम्म्याहून पुढे गेली आणि मला शहाणपण सुचलं. म्हटलं, "नाना, तुमचा मांत्रिक पुठ्ठ्याचा वाटतो. सावल्या घेऊन त्याला करायचंय काय?" शेवट त्यांच्याकडे तयार होता. "बठ्ठं डोकामा शे," सगळं डोक्यात आहे, असं ते नेहमी सांगायचे. मीच म्हणालो, शेवट कुठे पळून जातोय, आधी मांत्रिक नीट करा. ही माझी अक्कल.

चार महिने नाना यावलच्या गाडीत साधे प्रवासी म्हणून फिरले. मग एका दुपारी दुकानात आले. गाडीत एक म्हातारा शेजारच्या जागेवर रुमाल टाकून बसला होता म्हणे. कुणाला बसू देईना. "मंडळी येताहेत," म्हणायचा. मंडळी म्हणजे त्याची बायको, वर्षापूर्वीच वारलेली.

"भाऊ, त्या सावल्यांत मांत्रिकाच्या बायकोची सावली आहे," नाना म्हणाले. "ती कोणती, हे त्याला ओळखू येत नाही. म्हणून तो एकही सोडत नाही."

ते प्रकरण मी टाइप केलं. सबंध कादंबरीत तेवढं चांगलं दुसरं काही नाही.

पुढच्याच आठवड्यात नानांनी मेलेल्या सेनापतीला लढाईवर पाठवलं. मी हसत आठवण करून दिली.

"मरी गया? कव्हय?"

कधी मेला, हे ते खरंच विचारत होते; थट्टा करत नव्हते. विसर वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, अक्कांना, सांगितलं. मग नाना मी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसायला लागले. "घ्या भाऊ, आज शेवट." मुलगी मांत्रिकाच्या दाराशी पोचायची, हात कडीवर ठेवायची, आणि नाना अडकायचे. कपाळावर बुक्क्या मारून घ्यायचे. "होतं इथं. आत्ता होतं."

न राहवून एकदा मी म्हटलं, "सुचेल ते सांगा, मी टाइप करतो."

"सुचेल ते नको. तेच पाहिजे." माझा हात धरून म्हातारा माणूस ओक्साबोक्शी रडला. ते चार महिने मी खाल्ले. कोणी कितीही समजूत घातली तरी मला दुसरं काही म्हणता येत नाही.

मागच्या महिन्यात अक्का त्यांना घेऊन आल्या. "वाचून दाखवा. ऐकताना शांत बसतात." मी वाचायला लागलो. नाना पुढे सरकून मन लावून ऐकत होते. मुलीने कडीला हात घातला, आणि कागद संपले.

"मग?" नानांनी विचारलं.

"पुढचं लिहिलेलं नाही."

"कोणी लिहिलंय हे?"

अक्का रस्त्याकडे बघायला लागल्या. मी म्हणालो, "आहेत एक जण. ओळखीचे."

"चांगला लिहितो गडी," नाना म्हणाले. "त्याले सांगा, लवकर लिख म्हना. पोर कव्हयनी उभी शे."