लोकर कुणाच्या पोटातली

परवा नातीनं तिच्या प्रयोगशाळेत एका बाटलीचं झाकण काढलं आणि स्पिरिटच्या आडून तोच वास आला, विष्ठेतल्या ओल्या लोकरीचा. सत्तर सालानंतरची गोष्ट. साखऱ्याच्या माळावर आमची मेंढरं बसली होती. एका सकाळी कोकरू दिसेना, आणि मेंढरांभोवतीच्या जाळीबाहेर विष्ठा पडलेली. सासऱ्यांनी ती काडीनं फोडली, तर आत नुसती लोकर. "आपलंच कुत्रं हाय," दीर म्हणाला. "एकदा चटावलं की सुटत न्हाई." मी म्हणाले, "भाऊजी, लांडग्याच्या पोटातूनबी लोकरच निघते. काहून त्याच्या जिवावर उठता?" सासरे काडी फिरवत राहिले, पण त्यांनाही सांगता येईना. दिवसभर माझ्या भाकरी करपत होत्या आणि खुंट्याचं कुत्रं माझ्याकडं बघून शेपूट हलवत होतं. सांजेला दीर त्याला ओढ्याकडं घेऊन गेला आणि नुसती दोरी घेऊन परतला. पुढं कोकरू गेलं नाही, म्हणून दीराचंच बराबर ठरलं. पण दुसऱ्याच दिवशी आम्ही तो माळ सोडला होता. परवा बाटलीतली विष्ठा दाखवत नात सांगत होती, "आजी, ह्यातल्या चिमूटभरातून डीएनए काढला की लांडगा का कुत्रा ते कळतं." मी विचारलं, "किती जुनं चालतं?"