दिल्लीला पाठवलेला ठराव

मी तिसरीपर्यंत शिकलो. पण विस्तव म्हणजे काय हे मला जेवढं कळतं, तेवढं आमच्या नगरपालिकेत एकालाही कळत नव्हतं. हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन. उभं आयुष्य कापडगिरणीच्या बॉयलरवर कोळसा ओढला. धुराड्यातून काळा धूर निघाला की भट्टीला हवा कमी पडते, पांढरा निघाला की आत ओल आहे. वर न बघता नुसत्या वासावरून मी ते सांगायचो.

आमचं घराणं तंजावरकडलं मराठी. पोटासाठी चेन्नईला आलेल्यांत कारकून झाले, मास्तर झाले. हातात फावडं घेतलेला मी एकटा, आणि स्वतःच्या कमाईनं घर बांधलेलाही मी एकटाच. घर शहराच्या दक्षिणेला, जिथं तेव्हा कंप्युटरवाल्यांच्या काचेच्या इमारती उठत होत्या. घरामागच्या तळ्यापलीकडे नगरपालिका कचरा टाकायची, आणि गाड्या कमी पडल्या की पेटवून द्यायची. त्यात प्लास्टिक, टायर, करवंट्या, सगळं.

माझ्या बायकोला दमा. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, धूर थांबवा, नाहीतर यांना इथून हलवा. मुलगा श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात. तो म्हणाला, "अप्पा, दोघं इकडे या. घर भाड्यानं देऊ." मी म्हणालो, मी बांधलेल्या घरातून मला धूर हाकलणार होय? बघतो मी.

अशात एके सकाळी वॉर्डाचा मेंबर कागद घेऊन दारात आला. पांढरी लुंगीसारखी वेष्टी, खिशात दोन मोबाइल. इकडे वडीलधाऱ्याला अय्या म्हणतात, तसं म्हणाला,

"अय्या, सही करा. आपली नगरपालिका ठराव करून दिल्लीला पाठवणार. हवेचा कायदा अजून कडक करा म्हणून."

"आणि मागं जळतंय ते?"

"ते वेगळं."

"वेगळं कसं? तो धूर काय दिल्लीहून येतो?"

मेंबर हसला. "कायदा कडक झाला की ते आपोआप बंद होईल, अय्या."

"म्हणजे काडी तुम्ही ओढायची, आणि ती तुमच्या हातातून काढून घ्यायला दिल्लीहून माणूस यायचा?"

आतून ही खोकत बाहेर आली. म्हणाली, "अहो, करा की सही. दारात आलेल्या माणसाशी काय भांडताय?"

तिच्याकडे बघून मेंबर लगेच मऊ झाला, आजी म्हणून हाक मारली. "पाट्टी, उद्याच पाण्याची लॉरी पाठवतो. आग विझलीच म्हणून समजा."

मी सही केली. हिच्या खोकल्यासाठी केली, त्याच्या कायद्यासाठी नाही. वडिलांनी शिकवलेली मोडीतली सही. मेंबरानं कागद दोनदा फिरवून पाहिला.

लॉरी खरंच आली. कारण असं की दुसऱ्याच दिवशी ठरावाची सभा होती आणि पेपरवाले येणार होते. बरोबर सॅनिटरी इन्स्पेक्टर. मी तळ्याला वळसा घालून गेलो आणि त्याला म्हणालो, "वरून पाणी मारू नका. आग ढिगाच्या पोटात आहे. ढीग कापा, पसरा, थंड होऊ द्या, मग माती टाका."

तो म्हणाला, "अय्या, आग पाण्यानं विझते. शाळेत शिकवलं नाही का?"

पाईप सोडला. जाळ बसला तशी सगळ्यांनी मान डोलावली. अर्ध्या तासात ढिगातून पांढरा, जड धूर निघाला. तो वर चढेना. पाण्यावरून सरपटत आला आणि आमच्या दारातून आत शिरला. असली चूक गिरणीत नव्या पोरानंही केली नसती. शिकलेल्या माणसांनी केली.

सभेला मी गेलो. हॉलच्या खिडक्या बंद. का, तर धूर येतो! बंद खिडक्यांच्या आत बसून ही मंडळी देशाची हवा स्वच्छ करत होती. एकेकानं भाषण केलं. कारखाने, लॉऱ्या, जबर दंड. कायदा वाईट होता असं मी म्हणत नाही. कडक हवाच. गिरणीत तपासनीस यायचा त्या दिवशी मॅनेजर आम्हाला कोळसा कमी टाकायला लावायचा आणि धुराडं कसं गोरंगोमटं दिसायचं. तपासनीस गेला की पुन्हा तेच. मी स्वतः टाकलाय तो कोळसा, म्हणून सांगतो. पण तो मॅनेजर निदान कडक कायदा मागायला दिल्लीला कागद तरी पाठवत नव्हता!

मी उभा राहिलो. म्हणालो, "ठरावात एक ओळ घाला. आमची नगरपालिका स्वतःचा कचरा जाळणार नाही."

अध्यक्ष म्हणाले, "पेरियवर, वडीलधारे आहात, बसा. हा राष्ट्रीय विषय आहे. कचरा आरोग्य खात्याकडे येतो."

टाळ्या वाजल्या, ठराव एकमतानं पास. मग प्लास्टिकच्या ताटल्यांत वडे वाटले. त्या ताटल्या कुठं जाऊन जळणार, हे विचारायचं मी टाळलं. टेबलाशी जाऊन म्हणालो, माझी सही खोडा. कारकून म्हणाला, यातली तुमची कुठली? मीच पेन घेतलं आणि खोडली.

दुपारी घरी आलो तर ही ओला पदर नाकाला लावून पायरीवर बसलेली. शेजारी पिशवी.

"मी मुलाकडे जाते. तुम्ही राहा तुमच्या घरात."

"चार दिवस थांब. मी स्वतः ढीग कापतो."

"तुम्ही कापाल हो. पाचव्या दिवशी ते परत पेटवतील."

एवढंच बोलायला तिला तीनदा थांबावं लागलं. ऑटो बोलावला, तिला बसवलं. ती सरकली आणि माझ्यासाठी जागा करून बसली. मी कुलूप लावून शेजारी बसलो.

मुलाकडे तिसऱ्या रात्री ही सलग झोपली. सकाळी मी मुलाला म्हणालो, दे घर भाड्यानं. त्यानं बजावलं, "अप्पा, घर बघायला माणसं येतील त्यांच्यासमोर धुराचं काही बोलू नका."

मी बोललो. पहिले दोघे दारातूनच परत गेले. तिसऱ्याच्या कडेवर तान्हं मूल होतं. त्या बापाला मी तळ्याच्या काठापर्यंत घेऊन गेलो आणि पलीकडे धुमसणारा ढीग दाखवला.