आसाराम उपदेशकांचा पहिला खंड

पिंगळीचे उपदेशक आसाराम यांनी रिफॉर्म्ड या ख्रिस्ती पंथाच्या ईश्वरविद्येवरील इंग्रजी ग्रंथाचे तिन्ही खंड वाचून काढले होते, असे त्यांच्या भाची मनकर्णाबाई ठामपणे सांगतात. आसारामांच्या पेटीत मला एकच खंड मिळाला, पहिला. त्याची कडांना जुळलेली जोडपाने चाकूने सव्विसाव्या पानापर्यंतच फोडलेली आहेत. पुढची साडेसहाशे पाने छापखान्यातून आली तशी बंद आहेत. हे दाखवल्यावर बाई म्हणाल्या, "मामाला बंद पानंबी वाचता यायची." येथे पुरावा संपतो आणि माझी सहनशक्तीही.

सुदैवाने त्याच पेटीत आसारामांची वही आहे.

१९३८च्या फेब्रुवारीत त्यांची मुलगी दहा दिवसांची होऊन वारली. उपदेशकाला बाप्तिस्मा देण्याचा अधिकार नव्हता, आणि पाळक दिनकरराव तीन महिन्यांतून एकदा रेल्वेने येत. ते पोहोचण्यापूर्वीच मूल गेले. मंडळीचे वयोवृद्ध पंच चंद्रभान यांनी दफनभूमीचे काटेरी कुंपण असे वळवले, की ती वीतभर कबर बाहेर राहिली. बाप्तिस्मा नाही, तर आत जागा कशी, हा त्यांचा सवाल.

दिनकररावांनी समजावले, "विश्वासू आईबापाचं लेकरू आहे. देवाच्या करारातलंच ते."

"पाळकसाहेब, तोंडी न्हाई. छापील दाखवा."

निजामी अमलात तोंडी शब्दावर कोंडवाड्यातला बैलही सुटत नसे. हट्ट अगदीच निराधार नव्हता.

मार्चमध्ये मिशनने आसारामांना पंधरा वर्षांच्या सेवेबद्दल एक ग्रंथ देऊ केला. निवड त्यांची; पण ग्रंथ मंडळीच्या नावे येणार, म्हणून पंचांची संमती आवश्यक. मुंबईच्या विक्रेत्याने दोन ग्रंथांच्या अनुक्रमणिका पाठवल्या. एक ग्रंथ एकाच खंडाचा होता आणि बाप्तिस्म्याचे प्रकरण त्यात होतेच. दुसरा तीन खंडांचा. त्यातला दरसाल एक मिळणार होता आणि ते प्रकरण तिसऱ्यात होते. बैठकीतील आसाराम आणि चंद्रभान यांचा संवाद वहीत जसाच्या तसा आहे.

"काका, हा एका खंडाचा मागवू?"

"एवढासा? ग्रंथ हाय का पंचांग?"

"मग दुसऱ्यातला तिसरा खंड आधी मागवतो."

"शेवटच्या अध्यायापास्नं कुनी पोथी लावतंय का? आमच्या आज्यानं इतकी पारायनं ऐकली, पयला अध्याय सोडून कुनी बसलं न्हाई."

"ही पोथी न्हाई, काका."

"देवाचंच हाय ना त्यात? मग पयला खंड."

पारायणे सोडून या मंडळीला दोन पिढ्या झाल्या होत्या. पारायणाचा नियम तेवढा सुटला नव्हता. वहीत त्या तारखेखाली शेवटची ओळ अशी: "आता मुलगी आणखी दोन वर्षे बाहेर."

एप्रिलमध्ये खंड आला. आसारामांनी संतापाने तो उघडलाच नाही. मुखपृष्ठावरचा गोल डाग मी आधी ओलीचा समजलो होतो. तो लोट्याचा आहे. त्यांच्या पत्नी केशरबाई रोज कुंपणाबाहेर जाऊन बसत. मे गेला, ऑगस्ट गेला. दिनकरराव दोनदा येऊन रिकाम्या हाताने परतले.

नोव्हेंबरात त्यांच्या येण्याच्या आदल्या दिवशी केशरबाईंनी लोटा उचलला आणि चाकू घेतला.

"तुमी वाचा, मी पानं फोडते."

"अगं, ह्यात न्हाई ते. तिसऱ्यात हाय."

"तुमी पाह्यलंय का?"

पाहिले नव्हते. सव्विसाव्या पानावर, विषय वेगळाच चालू असताना, लेखकाने जाता जाता नमूद केले होते की, तान्हेपणी मेलेली लेकरे तारणातून वगळली जात नाहीत. आसारामांनी ती ओळ तीनदा वाचली आणि मग मराठीत सांगितली.

"सव्विसावं पान!" केशरबाई म्हणाल्या. "आन तुमी सात म्हैने त्याच्यावर लोटा ठेवायलाव!"

दुसऱ्या दिवशी दिनकररावांनी पंचांसमोर ती ओळ वाचून अर्थ सांगितला. चंद्रभान यांना इंग्रजी येत नव्हते. "कुठली ओळ?" त्यांनी विचारले, आणि दाखवलेल्या जागी बोट टेकवून घेतले. मग उठून ते स्वतःच कुंपणाच्या काट्या उपसू लागले. प्रत्येक काटीसरशी ऐकवत होते, "पयल्यापास्नं वाच म्हनलं व्हतं. म्हनलं व्हतं का न्हाई?"

वहीत त्या तारखेखाली एवढेच आहे: "कबर आत घेतली."

पुढच्या वर्षी दुसरा खंड पाठवावा का, असे मिशनने विचारले. वहीतल्या उत्तराच्या मसुद्यात दोनच शब्द आहेत: "गरज नाही."