पुलावरचं लाल फडकं

आमदार, कलेक्टर आणि घोड्यावरचा नवरदेव, अशा सगळ्यांना नुसत्या तळहातानं थांबवणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकच, आणि तो म्हणजे माझे साडू. बपेऱ्याच्या रस्त्यावरचा अर्धा पूल तोडला, उरलेल्या अर्ध्यावरून एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडायचं ठरलं आणि ठेकेदारानं अलीकडच्या तोंडाशी साडूंना उभं केलं. त्या दिवसापासून ते इस्त्रीचा शर्ट घालू लागले. थांबवलेल्या प्रत्येक गाडीचा नंबर, ती कुठं आणि कशाला चालली, सगळं त्यांना पाठ. वरात अडकली तर वाजंत्र्यांना म्हणाले, तवरिक वाजवा. स्वतःच्या बायकोला, म्हणजे माझ्या मेहुणीला, अर्धा तास उन्हात ठेवलं. मी रदबदली केली तर म्हणाले, "मास्तर, घंटी तुमची शाळेत. इथं फडकं चालते."

फडकं म्हणजे लाल कापड. वळणामुळे पलीकडचा गडी दिसत नसे, म्हणून सुटलेल्या शेवटच्या वाहनाच्या हाती साडू ते देत. ते पलीकडे पोचलं म्हणजे पूल रिकामा. मग तिकडची वाहनं सुटत. घेणाऱ्याला एकच ताकीद असे, "कोनाच्या म्होरं जायचं नाई जी."

भाताच्या रोवणीच्या दिवसांत एका सकाळी फडकं माझ्या हाती आलं. शाळेत तपासणी होती आणि स्कूटरपुढे रोवणीच्या बायांनी भरलेला ट्रॅक्टर रेंगाळत होता. कडेला जागा दिसली, मी पुढे काढली. पलीकडच्या गड्यानं हेल्मेटमधला माणूस पाहिला नाही, फडकं पाहिलं आणि बस सोडली. बायांचा ओरडा ऐकून मी वळलो. बससमोर ट्रॅक्टर मागे घेताना ट्रॉलीचं एक चाक कठडा नसलेल्या कडेवरून लोंबत होतं, खाली नाला दुथडी भरलेला. बाया एकमेकींचे हात धरून एकेक उतरल्या. कोणी गेलं नाही, एवढंच.

पूल ओलांडून धावत आलेल्या साडूंना ठेकेदारानं विचारलं, फडकं कोणाला दिलं होतं? मी चार हातांवर उभा होतो. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "याद नाई जी." याद नाही म्हणजे प्यालेला असणार, असं ठरवून ठेकेदारानं त्यांना तिथंच काढलं. दुपारपर्यंत ते गावभर झालं. मी शाळेत तपासणीला हजर होतो.

पूल पुरा झाल्यावर त्यांच्या घरी गेलो आणि सगळं बोललो. लाखोरीची डाळ निवडता निवडता ते म्हणाले, "म्या वाटच पाहून राहिलो होतो, मास्तर. तुमी आपल्या तोंडानं सांगान म्हणून." मग आत बघून हळूच, "आता हिले नोका सांगू. मलेच शिव्या देईन, चूप काहून बसले म्हणून." मला तेवढं निमित्त पुरलं.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. तेराव्याला मंडळी मायेनं त्यांच्या गोष्टी सांगत होती. कोणी म्हणालं, माणूस लाखाचा, फक्त त्या दिवशी घेऊन होते. मेहुणीनं वाढता वाढता मान खाली घातली. मी भात कालवत राहिलो.

म्हणून हे लिहिलं. साडूंनी जन्मात दारूला हात लावला नाही. मेहुणीला चष्म्यानं अजून वाचता येतं. हे कागद आधी तिच्याकडे नेईन. शिव्या ऐकायला ते राहिले नाहीत. त्या मी ऐकून घेईन.