न सांगता निघायचं

सखुबाईच्या घराला दोन दारं. पुढचं गल्लीत उघडतं, मागचं परसात. उजाडलं की ती दोन्ही उघडते, दिवस मावळला की दोन्ही लावून घेते, आणि मधल्या सगळ्या वेळात त्या दारांतून वाऱ्याखेरीज फारसं कुणी ये-जा करत नाही. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता पोरगा स्वप्निल पुण्याला कंपनीत आहे. रान बटईनं दिलेलं. शेळ्या होत्या तोवर घरात बोलायला कुणीतरी होतं. मग गुडघ्यांनी दगा दिला आणि तिनं शेळ्या विकल्या. तेव्हापासून अंगण इतकं स्वच्छ राहू लागलं, की सकाळी ओढलेल्या खराट्याच्या रेघा संध्याकाळीही जशाच्या तशा दिसायच्या. त्यांच्यावर पाऊल टाकायला कुणी नव्हतं.

अशा घरात कुत्र्याचं पिल्लू आलं, आणि त्याला एकटं राहायला शिकवायचं काम सखुबाईवर येऊन पडलं. गोष्ट एवढीच आहे, पण ती घाईनं सांगण्यासारखी नाही.

संक्रांतीच्या आधी स्वप्निलचा फोन आला.

“माय, तुझ्यासाठी एक पिल्लू घेऊन येऊन राहिलो.”

“कशाचं?”

“कुत्र्याचं. माझ्या मित्राच्या कुत्रीला झालेत. तू तिथं एकटी असतेस, मला इकडं झोप लागत न्हाई.”

“तुला झोप लागावी म्हणून मी कुत्रं पाळू व्हय?”

पण दुसऱ्या दिवशी तिनं शेण कालवलं आणि मधलं घर सारवून काढलं. लेक बाळंतपणाला यायची असावी तशी तिची लगबग चालली होती. चपला खुंटीवर गेल्या, दावी फडताळावर गेली, उंदरांचं औषध तिनं उचलून परसात खड्डा करून पुरलं. स्वप्निल रोज फोनवर काहीतरी नवीन सांगायचा. विजेची वायर वर बांध. द्राक्षं देऊ नको. चॉकलेट देऊ नको.

“द्राक्षं मलाच कोण देतं?” सखुबाई म्हणायची.

“आणि कांदा तर अजिबात न्हाई.”

“कांद्याबिगर भाकर? मग ते जगायचं कशावर?”

संक्रांतीला तो गाडी घेऊन आला. वारंगा फाट्यावरून गावात वळेपर्यंत पिल्लू तीनदा ओकलं होतं. तपकिरी रंगाचं, लोंबत्या कानांचं, पोट सुटलेलं लेकरू. त्याच्यासोबत लोखंडी जाळीचा एक पिंजरा आला होता, घडी घालता येणारा, पुढं कडीचं दार असलेला. शेजारची पारुबाई दारात उभी राहून पाहत होती.

“सखू, वाघ आणला का गं पोरानं?”

“कुत्रं हाय. बघ की.”

“मग पिंजरा काहून? आणि नाव काय ह्याचं?”

“ब्रुनो,” स्वप्निल म्हणाला.

“बुरनो? कोरोनाचा चुलतभाऊ वाटतो मला तर.”

संध्याकाळपर्यंत गल्लीनं त्याचा बुरण्या केला होता.

स्वप्निल दुसऱ्या दिवशीच परत गेला. जाण्याआधी त्यानं पिंजरा मधल्या घरात भिंतीला लावून ठेवला आणि आईला समजावलं, “ही शिक्षा न्हाई, माय. हे त्याचं घर हाय. आधी दार उघडं ठेवायचं, खाणं आतच द्यायचं. त्याला गोडी लागली की हळूहळू दार लावायचं. तू बाहेर गेलीस की तो ह्यात सुखानं झोपला पाहिजे. गावातली कुत्री त्याला फाडतील, आणि सडक तर जवळच हाय.”

सखुबाईनं मान हलवली, पण ऐकलं अर्धंच. तिला यातलं काय नवीन होतं? तिनं आयुष्यभर करडं डाल्याखाली वाढवली होती. शेळी चरायला निघाली की करडू मागं पळू नये म्हणून त्याच्यावर बांबूचं मोठं डालं उपडं घालायचं आणि वर धोंडा ठेवायचा. आत अंधार झाला की करडू थोडं ओरडतं, मग पाय मुडपून निजतं. सगळ्या गावाची हीच रीत. तेव्हा गिरणीवर जायची वेळ आली तसं तिनं बुरण्याला उचलून पिंजऱ्यात घातलं, कडी लावली, अंधार व्हावा म्हणून वरून गोधडी टाकली, आणि दळण डोक्यावर घेऊन निघून गेली.

परत येताना गल्लीच्या तोंडापासूनच तिला ते ऐकू आलं. रडणं नव्हतं ते. कुणी सोलून काढावं तसं ओरडणं होतं. तिनं दळण ओट्यावर टाकलं आणि गोधडी ओढली. बुरण्याच्या नाकाचं कातडं जाळीवर घासून निघालं होतं, पिंजऱ्यात घाण झाली होती, आणि दार उघडताच तो तिच्या दोन पायांमधून निसटून चुलीमागं जाऊन बसला. तिनं बोलावलं. भाकर दाखवली. तो आला नाही.

“करडू गप राहतं गं,” पारुबाई दारातून म्हणाली, “कारण संध्याकाळी माय येते ते त्याला ठाऊक असतं. ह्याची माय कोण? पुण्याला राहिली ती.”

चुलीमागच्या त्या दोन डोळ्यांकडं पाहत सखुबाई बराच वेळ जमिनीवर बसून राहिली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. पिंजऱ्याचं दार सुतळीनं मागं बांधून टाकलं, आपोआप लागू नये म्हणून. आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा आत अंथरला. दुधात कुस्करलेली भाकर आधी पिंजऱ्यापासून हातभर लांब ठेवली, मग दाराशी, मग वीतभर आत. स्वतः शेजारी बसून तुरीच्या शेंगा सोलत राहिली आणि त्याच्याकडं बघायचं तिनं मुद्दाम टाळलं. बुरण्या मान लांब करायचा, घास उचलायचा आणि मागं पळायचा. पळता पळता एक दिवस पळायचं विसरला. एका दुपारी सखुबाई परसातून आली तर तो आपणहून आत जाऊन, लुगड्याच्या तुकड्यात तोंड खुपसून घोरत होता. तिनं हातातली घागर आवाज न करता खाली ठेवली. किती दिवसांनी त्या घरात कुणीतरी दुपारचं झोपलं होतं.

मग दार लावणं सुरू झालं. आधी ती समोर बसून असताना. मग ती चुलीपाशी असताना. मग अंगणात असताना. भांड्यांचा, खराट्याचा, तिच्या खोकल्याचा आवाज येत राहिला की बुरण्या निवांत असायचा. घर सोडून निघण्यावर मात्र गाडी अडली.

त्याचं असं झालं. आपल्याकडं माणूस घरातून निघताना घरात जे कुणी असेल त्याला सांगून निघतं. “येते” म्हणतं. मालक गेले तेव्हापासून सखुबाई कुलूप लावून गुमान निघायची. भिंतींना काय सांगायचं? आणि दार लावायची सवय झाल्यावर पहिल्यांदाच बुरण्याला आत घालून ती घराबाहेर निघाली, तर उंबऱ्यावर पाऊल ठेवताना तोंडातून आपसूक शब्द आले, “येते रं बुरण्या.” तिचा तिलाच आवाज ओळखू येईना. ती थबकली. मग मागं फिरून पिंजऱ्यापाशी वाकली आणि नीट सांगितलं, “दुकानात चालले. चहापत्ती संपली. येते लगेच.”

तेव्हापासून तिचं सांगणं लांबत गेलं. कुठं चालले, कशाला चालले, वाटेत कुणाकडं डोकावणार, आल्यावर काय रांधणार. कधी कधी तर तिला जायचंही नसायचं. सांगायला मिळावं म्हणून ती दुकानापर्यंत जाऊन यायची. पण बुरण्या दिवसेंदिवस बिघडत चालला. ती वाकून बोलायला लागली की तो थरथरायचा, आणि “येते” म्हटलं की जाळीवर उड्या घेत टाहो फोडायचा. सखुबाईला वाटायचं, लेकराला माझी माया लागली. ती कोपऱ्यावरून माघारी यायची आणि त्याला बाहेर काढून मांडीवर घ्यायची.

इकडं हळद काढणीला आली. पुढच्या सोमवारपासून बायांची टोळी बाळापूरच्या शिवारात जाणार होती. सखुबाईच्या वर्षात हळदीचेच काय ते दिवस माणसांतले. कोपरापर्यंत पिवळे झालेले हात, ओळीनं बसलेल्या बाया, एकमेकींच्या सासवांच्या नकला, दुपारी सगळ्यांच्या फडक्यांतली भाजी सगळ्यांना. वर्षभराचं न बोललेलं ती तिथं बोलून घ्यायची. हळद सोडायची म्हणजे पुढच्या हळदीपर्यंत मुकं राहायचं. आणि दिवसभर रडून जाळीवर नाक फोडणारं लेकरू मागं ठेवून जायचं तर तेही होणार नव्हतं.

शेळ्या राखणारा खेमा एकदा ओट्यावर टेकला.

“मावशे, मला दे ते. माझ्यामागं रानात हिंडंल. रडायला सवडच न्हाई भेटणार त्याला.”

खेमा बोलला ते खरं होतं. चांगला माणूस होता, जनावराला जीव लावणारा. म्हणूनच सखुबाईला त्याचा राग आला.

“सोमवारपर्यंत बघते,” ती म्हणाली. “न्हाईच राहिलं तर घेऊन जा.”

त्या संध्याकाळी तिनं स्वप्निलला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “माय, तू निघताना नेमकं काय करतेस?”

“काय करणार? येते म्हणते.”

“ते म्हणू नको.”

“म्हंजी?”

“काहीच बोलू नको. त्याच्याकडं बघू पण नको. कडी लावायची आणि गप निघायचं. तू बोलायला लागलीस की त्याला कळतं, ही चालली. तिथूनच त्याची तकलीफ सुरू होते. आणि रडला की माघारी फिरू नको.”

“अरे, माणसानं घरातून न सांगता निघायचं व्हय? तिरडीवरचं माणूस तेवढं न सांगता जातं.”

“माय, कुत्रं हाय ते,” स्वप्निल म्हणाला.

“व्हय,” ती म्हणाली. “कुत्रंच हाय.”

पहिल्या दिवशी तिला जमलं नाही. उंबऱ्यावर शब्द तोंडातून निसटलाच आणि मागं बुरण्यानं टाहो फोडला. दुसऱ्या खेपेला तिनं पदराचं टोक दातांत धरलं, कडी लावली, पाठ फिरवली आणि निघाली. पारुबाईच्या गोठ्याच्या भिंतीआड उभी राहून ती ऐकत राहिली. बुरण्या रडला, पण थोडंच. मग कुरकुरला. मग थांबला. थोड्या वेळानं ती आत गेली, काही न बोलता कडी काढली आणि आपल्या कामाला लागली. असं ती दिवसातून कितीदा तरी करू लागली.

“काय गं सखू,” पारुबाईनं हटकलं, “आपल्याच घरातून चोरावानी काहून निघून राहिली?”

“लेकराला सवय लावून राहिले.”

“लेकराला का तुला?”

सखुबाईनं दातांतला पदर सोडला नाही.

सोमवार उजाडला. तिनं बुरण्याला परसात फिरवून आणलं, खाऊ घातलं. तो आपणहून पिंजऱ्यात शिरला, लुगड्याच्या तुकड्यावर गोल फिरला आणि त्यानं अंग टाकलं. तिनं फडक्यात भाकर बांधली, विळा घेतला. वाकून कडी लावली. तो तिच्याकडं बघत होता. ती त्याच्याकडं न बघता उठली आणि दार ओढून घेऊन बाहेर पडली.

गोठ्याच्या भिंतीआड येऊन ती उभी राहिली. मारुतीच्या पाराकडून टोळीच्या ऑटोचा हॉर्न ऐकू आला. घरातून काहीच ऐकू आलं नाही. तिनं आपल्या घराच्या दिशेनं कान दिला. कुरकुर नाही, जाळीचा खडखडाट नाही, काही नाही. तिला वाटलं, अजून कळलं नसेल त्याला. आता कळेल. ती थांबली. चिमण्या ओरडत होत्या, कुणाच्या तरी घरात मिसरी भाजल्याचा वास येत होता. घर गप होतं, पूर्वी असायचं तसंच. मग तिच्या ध्यानात आलं, की तो गप राहिला याची खात्री पटून बराच वेळ झालाय, आणि आपण इथं उभ्या आहोत ते त्यानं एकदा तरी रडावं म्हणून.

“रडून राहिलं का?” पारुबाई विळा हातात घेऊन मागं येऊन उभी राहिली होती.

“न्हाई.”

“मग उभी काहून? चल, ऑटो निघंल.”

पाराजवळ खेमा शेळ्या घेऊन चालला होता. त्यानं भुवया उचलून विचारलं, “काय मावशे, नेऊ का त्याला?”

“न्हाई,” सखुबाई म्हणाली. “राहतंय ते.”

ऑटोत बायांनी सरकून जागा केली. विळे पायांशी गेले, फडकी मांडीवर आली, आणि ऑटो हलायच्या आधीच गप्पांना तोंड फुटलं. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या दिराचं, कुणाच्या लग्नात वाढलेल्या भाताचं. समोरच्या एकीनं विचारलं, “सखूमावशे, औंदा घरी कोण हाय मग?”

“बुरण्या हाय,” ती म्हणाली. “निजलाय.”

बाया हसल्या, आणि बोलणं पुढं सरकलं. दोन्ही बाजूंना पाला वाळलेली हळदीची रानं मागं जात होती. ज्या बोलण्यासाठी ती वर्षभर थांबली होती ते तिच्या अवतीभवती चाललं होतं, आणि सखुबाई त्यापुढं शिवार येईपर्यंत एक शब्दही बोलली नाही.